शेंदूर फासलेले चाक

आसगाव, ता. १८ जुलै १९७९

रा. रा. लक्ष्मणराव भाऊजींच्या चरणी भोजराजचा दंडवत. ताईची कंबर आता कशी आहे? इकडे सर्व खुशाल, फक्त मी सोडून.

तुमची धानाची गिरणी मोडली तेव्हा तुम्ही मला एक लोखंडी चाक दिले होते. ते मी आमच्या तलावाच्या पाणी सोडायच्या गेटला बसवले. माझा पहिलाच सरकारी ठेका. त्यातली अट अशी, की लोखंडी सामान भारतात बनलेलेच पाहिजे आणि तसे ठेकेदाराने सहीनिशी लिहून द्यायचे. नवे चाक मिळायला वर्ष लागेल असे कळले, धानाची रोवणी तोंडावर, आणि तुमचे चाक मापात बसले. तुमच्या करडीहून आलेले चाक देशी नाही तर काय, असे समजून मी सही ठोकली. बसवल्यावर खालून वाकून पाहतो तर बोटाएवढी उठावाची अक्षरे: मेड इन इंग्लंड. भाऊजी, मी तिथेच तलावाच्या पाळीवर बसलो.

त्यातच पत्र आले, नागपूरचे साहेब गुरुवारी तपासणीला येणार. खोटे लिहून दिले म्हणून ठेका तर जातोच, वर तुरुंग, असे तलाठ्याने (मी न विचारता) सांगितले. कवडू लोहाराने दोन दिवस कानस घासली. अक्षरे पुसली गेली नाहीत, चकाकली मात्र. शेवटी चंद्रकांता म्हणाली, "तेलात शेंदूर कालवून फासा. शेंदराले नख लावाची कोणाची हिंमत हाय?" बायकोचे ऐकले.

पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. शेंदूर दिसला की नारळ फुटतो. दुसऱ्याच दिवशी चाकापाशी तीन नारळ आणि अगरबत्ती. तिसऱ्या दिवशी पाणी सोडायला गेलो, तर पाणी वाटणारा सुखराम आडवा आला. "देवाले गरगर फिरवतं काय गा?" पावसाने दडी मारलेली, शेताच्या बांधीत धानाची रोपे, आपले पऱ्हे, पिवळे पडत चाललेले, आणि गेटच्या दारात देव. तेव्हा मला दोन भीती झाल्या, एक साहेबाची, एक गावाची. साहेब तुरुंगात घालेल, आणि गाव मला तिथवर पोचूच देणार नाही.

गुरुवारी साहेब आले. बूट काढून चाकाला हात जोडले आणि चाक सोडून बाकी सगळे तपासले. कवडूने माझ्यासमोर भात्यावर घडवलेल्या गेटच्या दांड्यापाशी मात्र थांबले. यावर कारखान्याचे नाव नाही, देशी असल्याचा पुरावा द्या, असे वहीत लिहिले. कवडूने उभ्या जन्मात वैनगंगा ओलांडलेली नाही. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मी इथलाच आहो जी."

मग साहेब म्हणाले, गेट चालवून दाखवा. कोणी हलेना. शेवटी जनाबाई पुढे आली, तिची बांधी पाटाच्या पार शेवटाला आहे. "थोडासा फिर देवा, माहे पऱ्हे मरून राहिले," म्हणत तिने दोन्ही हातांनी चाक फिरवले. पाणी सुटले. पण तिचे तळहात लाल झाले आणि चाकावर इंग्लंड उघडे पडले. साहेब तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी पाहिले की नाही, देव जाणे.

ताईला नमस्कार, लेकरांना गोड पापा.

आपला,
भोजराज

ता. क. – पुरावा म्हणून कागदावर कवडूचा अंगठा घेतला. (अंगठा मागितला तेव्हा तो आधी पळाला होता.)

दुसरा ता. क. – तुमच्यापासून काय लपवायचे, साहेबांनी पाहिले. जीपमध्ये बसताना मला जवळ बोलावले. मला वाटले, झाले. तर हळूच म्हणाले, "नवं चाक येईस्तोवर दर शनिवारी लावत जा. पावसात शेंदूर उतरतो." म्हणून हे पत्र. तुमसरच्या बाजारातून किलोभर शेंदूर पाठवा. आणि भाऊजी, गिरणीचे जोडीचे चाक तुम्ही करडीच्या तलावाला बसवून तशीच सही दिल्याचे ताईने कळवले आहे. तिकडे पुढच्या गुरुवारी तपासणी आहे, आणि येणारे साहेब दुसरे आहेत. शेंदूर दोन किलो घ्या.