येलदरीचा दुर्मिळ तुतवार

७ डिसेंबर
येलदरी धरण. आज मराठवाड्याच्या इतिहासातली घटना घडली आणि ती मी पाहिली. चमच्यासारख्या चोचीचा तुतवार! जगात मोजकेच उरलेत. पाठ तपकिरी, पोट पांढरं, चोचीचं टोक चपटं. फोटो जरा हलला, पण अभ्यासू माणसाला पुरे. सोबत शेजारचा बन्सीधर होता. म्हणे, मला तर चिमणीच वाटायलीय.

८ डिसेंबर
फोटो संघप्रियाला पाठवला. मुलगी म्हणून नव्हे. ती गुजरातेत किनाऱ्यावरच्या पक्ष्यांवर संशोधन करते, म्हणून. दोन वर्षं सेलूला फिरकली नाही, तो विषय वेगळा. 'पाखरं मोजून पोट भरतं का' एवढंच मी विचारलं होतं. इतिहासाचा मास्तर होतो, प्रश्न विचारणारच. रोहिणी म्हणाली, लेकीला नुसतं ये म्हना की. बायकोला शास्त्रीय पत्रव्यवहार कळत नाही.

११ डिसेंबर
निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. विचार करत असणार.
पुन्हा येलदरी. पुस्तकात पक्षी चिमणीएवढा दिलाय. आपला चांगला बुलबुलाएवढा निघाला. इकडचं खाणं मानवलं असेल. एकटाच असतो. काठाच्या दगडांवरून तुरुतुरु पळतो आणि शेपटी सारखी वरखाली करतो. थंडी वाजत असणार.

१४ डिसेंबर
गावातल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर जाहीर केलं, पुढच्या रविवारी बाहेरून तज्ज्ञ येणार. आता तिला यावंच लागेल. ती त्या ग्रुपवर नाही हे नंतर लक्षात आलं.

१६ डिसेंबर
मेसेज! 'स्पष्ट फोटो आहे का?' म्हणजे येणार. रोहिणीला धपाटे करायला सांगितले. येते म्हणाली का, असं तिनं विचारलं. तसं शब्दांत नाही.

१८ डिसेंबर
स्पष्ट फोटो नाही. रविवार आलाच. झोप नाही. रोहिणीला म्हटलं, तू आजारी आहेस असं कळवू. ती म्हणाली, तुमच्या पाखरापायी मी न्हाई आजारी पडायची. शेवटी पक्षीच आजारी असल्याचं कळवलं. एका पायानं लंगडतो, फार दिवस काढेलसं वाटत नाही.
लगेच फोन! रोहिणीच्या मोबाईलवर. रविवारी येते म्हणाली. रोहिणी ओट्यापाशी उभी राहून रडली. मी बाहेर जाऊन गाडी पुसली. ती पुसलेलीच होती.

२१ डिसेंबर
सकाळी देवगाव फाट्यावर तिला घेतलं. थेट धरण. ग्रुपमधले दोघंच आले. पक्षी हजर. दोन्ही पायांवर पळत होता. तिनं दुर्बीण लावली आणि हळूच म्हणाली, बाबा, हा साधा तुतवार. खांद्यापाशी पोटाचा पांढरा रंग वर चढलाय, बघा. शेपटी हलवायची सवयच असते त्याला. हिवाळ्यात प्रत्येक तळ्यावर दिसतो. मी चोचीचं विचारलं. म्हणाली, फोटोत चोचीला चिखल लागलाय.
तेवढ्यात तो उडाला. पाण्याला लागून, पंख ताठ ठेवून, बारीक शीळ घालत. दोघं पक्षीमित्र धपाटे खाऊन गेले.
लंगड्या पायाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
दुपारी घरी. मायलेकी स्वयंपाकघरात हसत होत्या. मी बाहेरच्या खोलीत तुतवाराचं सगळं पान पाठ केलं. म्हणजे फाट्यावर बोलायला विषय राहील.

२२ डिसेंबर
काल संध्याकाळी तिला बसवून आलो. बस लय उशिरा आली, त्यामुळे भरपूर बोललो. तुतवार अंडी कुठं घालतो, परत कधी जातो, काय खातो. तिला सगळं माहीत होतं, तरी ऐकत होती. मध्ये मध्ये 'हो का' म्हणाली. बस हलताना तिनं खिडकीतून काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही. मी मान हलवली. एकंदरीत भेट यशस्वी.
आज चहा देताना रोहिणी म्हणाली, पोरीला चष्मा लय शोभतोय.
मी विचारलं, कोणता चष्मा?