मेंढीची शेपटी

भवानीपूर, कलकत्ता
८ नोव्हेंबर १९९४

ती. दादास,
टुकुचा सा. न. वि. वि.

कॉलेज सोडून रेडिओ दुरुस्त करत बसणाऱ्याचा हात माझ्या रेकॉर्ड-प्लेअरला लागता कामा नये, असं बाबा तुला म्हणाले होते. त्याच दिवशी तू सिलिगुडीला गेलास. ते स्वतःच्या तोंडाने बोलावतील तेव्हाच येईन, असं मला सांगून गेलास.

झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली आहे, उजवं अंगही. आईच्या गाण्याची तबकडी लावली तरच चार घास घेतात. आता प्लेअरच्या पत्र्याला हात लागला की शॉक बसतो, आणि घोंघाट एवढा की आईचा आवाज त्यात बुडतो. मेकॅनिक भंगारात द्या म्हणतो. तू ये, असं मी म्हणत नाही. कसं करायचं तेवढं कळव.

तुझी
टुकु


सिलिगुडी
१५ नोव्हेंबर

चि. टुकुस,
अनेक आशीर्वाद.

आधी प्लग काढ, मग पुढे वाच. इस्त्री चालू ठेवून पूजेच्या मांडवात जाऊन बसणारी बाई तू, म्हणून सांगावं लागतं. जुनी दोन तारांची वायर वाळून तडकली असेल. ती अख्खी काढ, तीन तारांची घाल. हिरवी म्हणजे अर्थिंगची तार मोटरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळ. वायर आत शिरते तिथे गाठ मार, म्हणजे ओढ बसली तरी आतले जोड तुटत नाहीत. चित्र काढलंय. माझ्या या गाठीला बाबा मेंढीची शेपटी म्हणायचे.

सुईच्या दांडीची बारीक तार तुटली असेल, ती अँप्लिफायरच्या स्क्रूलाच बांध. हिरवीला जोडू नकोस, घोंघाट वाढेल. आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का, ते वायरमनकडून बघून घे. आपल्या गल्लीत ती भोकं शोभेची असतात.

मी येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे. तुझी वहिनी खजुराचा नवा नोलेन गूळ पाठवते आहे.

दादा


भवानीपूर
२९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिसरं भोक शोभेचंच निघालं. वायरमनने तार ओढून दिली. बाकीचं मी बाबांच्या खाटेशी बसून केलं. शहाणपणा करून हिरवी आणि सुईच्या दांडीची अशा दोन्ही तारा एकत्र बांधल्या, तर प्लेअर रेड्यासारखा हंबरला. हस हवं तर. मग सोडवल्या. घोंघाट गेला, आणि गाण्याआधी आईने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला, दादा.

पण बाबांचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. मी गाठ मारली तेव्हाच त्यांनी डावा हात पुढे केला होता. गाठ कितीतरी वेळ चाचपली, मग दाराकडे बघू लागले. अजून तिकडेच बघतात. आता तबकडी लावली तरी तोंड उघडत नाहीत. दार लोटलं की डावा हात खाटेवर आपटतात. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, ज्यांना कळवायचं त्यांना कळवा.

मी याला बोलावणं म्हणेन. तू म्हणशील, टुकु मनाचं लिहिते, तोंडाने कुठे बोलावलं? नाहीच बोलावलं. ते तोंड आता कुणालाच बोलावणार नाही.

तू नाहीच म्हणणार आहेस, तरी लिहिते. या वेळी पत्रातून आशीर्वाद धाडू नकोस. स्वतः घेऊन ये.

तुझी
टुकु