उतरायची परवानगी

३ जून १९९६
लागले बाई एकदाची नोकरीला! परभणीची त्रिवेणी आता विमानं उतरवणार. इंदुमावशी विद्यानगरच्या बसस्टॉपवर सोडायला आली आणि शेजारणीला सांगून मोकळी झाली, की आमची पोरगी विमान चालवते. शहराबाहेरच्या या छोट्या विमानतळाचा टॉवर सरकारनं नुकताच एका कंपनीकडे सोपवलाय. भिंतींना नवा रंग, गारेगार एसी. टॉवरचे प्रमुख मुकुंदरावसाहेब यांनी नियम सांगितले: मोठी विमानं आधी, फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांनी वर चकरा मारत थांबायचं. यादीत नाव नसेल त्याला उत्तर द्यायचं नाही.

७ जून
छोट्या विमानांचे वैमानिक वैतागलेत. अमेय तेवढा रोज हसून रामराम करतो. अजून शिकतोच आहे. आज त्याला पाऊण तास फिरवलं. नियमापुढे माझं काय चालणार?

१२ जून
चार वाजता रेडिओवर खरखरता आवाज. "ताई, पेट्रोल संपत आलंय. उतरू का?" यादीत नाव नाही, आकाश रिकामं. मी गप्प राहिले. साहेब म्हणाले, शहाणी आहेस.
शिपाई अंबाजीनं जिन्यात गाठून सांगितलं, की तो क्लबचे वैमानिक हिम्मतराव यांचा आवाज. मार्चमध्ये त्यांना चकरा मारायला लावून माझ्या आधीचा प्रकाश विसरला. विमान पडलं, पंख्यानं त्यांचं धड कापलं. आठवड्यानं प्रकाश याच खोलीत सापडला, तसाच कापलेला. दार आतून बंद होतं.

१५ जून
रोज चार वाजता. आज काचेवर आतून रक्ताचे पंजे. पुसले. मावशीला बोलले नाही, नोकरी सोडायला लावेल.

१८ जून
पुन्हा चार, पुन्हा पेट्रोल. कान दाबून टेबलाखाली बसले. दहा मिनिटं ओरडत होता. मग धावपट्टीच्या टोकाला धडाका —
अमेय होता तो. भूत नव्हे, जिवंत माणूस. यादीत त्याचं नाव घालायचं साहेब विसरले. जळका हात सापडला, घड्याळासकट. मी मारलं त्याला.

१९ जून
मुकुंदराव जिन्यात. दोन तुकडे. जिन्याचं दार आतून —
मावशी म्हणते, जाऊ नकोस. पण अमेयला उत्तर द्यायचं राहिलंय.

२० जून, चार
रेडिओवर दोघं आहेत, हिम्मतराव आणि अमेय. अमेयनं रामराम केला. मग विचारलं, उतरू का?
रडत म्हणाले, उतरा. दोघंही उतरा.
पंखा फिरतोय. आकाशात नाही — जिन्यात. वर येतोय. दारातून लाकडाचा भुसा —
उतरा म्हटलं, पण कुठे ते सांगायचं राहि