मधल्या स्टेशनावरचे तीन तास

नाशिकरोड, मंगळवार, एप्रिल २००४

संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. आल्प्सच्या सहलीचा कार्यक्रम यांनी आज पुन्हा बदलला. दोन दिवस झुरिक, मग आगगाडीने डोंगरात, इथवर ठीक. पण मध्ये गाडी बदलायला एजंटाने पाच-सहा मिनिटं ठेवली होती, त्याचे यांनी तीन तास केले!

"अहो, तीन तास फलाटावर बसून करायचं काय?"

"गाडी लेट झाली तर? जन्म मनमाड जंक्शनात गेलाय माझा. मला नको शिकवूस."

आणि परवाच शेजाऱ्यांना सांगत होते, तिकडच्या गाड्या बघून घड्याळ लावावं म्हणून. मग तीन तास कशाला?

भाजी चिरता चिरता कागद पुन्हा वाचला आणि विळीवर हात थांबला. ते स्टेशन आमच्या नीताच्या गावाचं. पोरीने तिकडच्या मुलाशी लग्न केल्यापासून हे तिच्याशी फोनवरही बोलत नाहीत. "तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही," म्हणाले होते. फलाट म्हणजे काही दार नव्हे.

मनमाडला असताना कुणा नातेवाइकाची गाडी जायची असली की हे डबा घेऊन फलाटावर हजर. भांडलेल्या भावासाठीसुद्धा जायचे.

सरळ विचारू का? नको. विचारलं तर पुन्हा पाच मिनिटं करतील.

जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाले, "गुळाच्या पोळ्या तिकडे पोचेपर्यंत टिकतील ना गं?"

यांना तर गोड वर्षभरापासून बंद आहे.