जमनाचे तीन तास

१४ नोव्हेंबर १९८३, सोमवार

जमनाचा प्रोग्राम आजही राहिला! कारखान्याच्या कॉम्प्युटरवर कुठलं काम कधी चढवायचं ते मी ठरवते — आधी छोटी कामं, मग मोठी. जमनाच्या कामापुढे तीन तास लिहिलेत; तिची पाळी येईतो तेवढा वेळ उरत नाही, आणि सहाला खोली बंद. पोर दारात उभी — "बाई, आज पन नाय?"

कॉम्प्युटरला माहिती द्यायच्या कार्डांना भोकं पाडायचं, पंच करायचं, जमनाचं काम; ते करता करता प्रोग्राम लिहायला स्वतःच शिकली. यंत्रांचा कुठला सुटा भाग कधी संपेल, ते तिचा प्रोग्राम सांगणार. शनिवारपर्यंत नीट चालला तर साहेब तिला प्रोग्रामर म्हणून पुण्याच्या ऑफिसात पाठवतील. नाहीतर दुसऱ्या कुणाला.

१५ नोव्हेंबर

आजही नाही. दुपारी नेहमीसारखा जमनाबरोबर डबा. माझ्या वरणाला नाक मुरडते — "बाई, हे काय आजाऱ्याचं जेवन!" — आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्या पोळीवर. सात वर्षं हेच चाललंय. घरी मी एकटी; दुपारचं हे जेवणच खरं जेवण.

शाळेत सिस्टर सांगायच्या, वेळ सांगताना दहा मिनिटं जास्तीची धर, धावपळ होत नाही. अजून प्रत्येक कामाला मी तेवढीच वाढवते. सिस्टरची दहा मिनिटं!

१६ नोव्हेंबर

नाही.

१७ नोव्हेंबर

कामावर जाण्याआधी तारापूरला गेले, जमनाच्या आईकडे. राहीबाई बोंबील काठ्यांवर टांगत होती. सहज विचारलं, किती वेळ लागेल वाळायला?

"दोन उन्हं. पन दाबून बघल्याबिगर सांगनार नाय मी. घरात बसून कोन सांगंल, बाय?" एक बोंबील माझ्या हातात दिला आणि हसली.

बसमध्ये तोच विचार. जमनाचा प्रोग्राम मी एकदाही चालवून पाहिलेला नाही. शंभर कार्डांवरसुद्धा नाही!

१८ नोव्हेंबर

शंभर कार्डं चालवली, घड्याळ समोर ठेवून. दोन मिनिटं! सगळी मिळून दोन हजार — म्हणजे चाळीस. कामांची जुनी यादी खोडली. उद्या सकाळी पहिलं काम जमनाचं.

तिने मिठीच मारली. "बाई, तुमी नसत्या तर माझं काय झालं असतं!"

१९ नोव्हेंबर, शनिवार

बरोबर चाळीस मिनिटं. पुणं नक्की.

चाळीस आणि सिस्टरची दहा — पन्नास. मी तीन तास लिहिले होते. साहेब जमनाला पुण्याला पाठवायचं बोलले, त्याच दुपारी लिहिले होते.