पडद्याच्या म्होरल्या अंगाला

माय, तुला वाचता येत न्हवतं, म्हनून तुला लिहायला मला भ्याव वाटत न्हाई. वाचनाऱ्याला लिहायचं म्हनलं की मानूस नीट बसतं, शब्द निवडतं, अक्षर वळनदार काढतं. मला तेवढी सवड न्हाई. दूध ठिवलंय गॅसवर, सून देवळात गेलीय, तेवढ्यात जमंल तेवढं लिहिते. तू जाऊन लई वर्सं झाली. मधी सांगन्यासारखं किती तरी घडलं, तुला न सांगता बी निभावलं. पन हे तुझ्याबिगर कुनाला कळायचं न्हाई. परवाच्या रविवारी मी बीडला शिनेमाला गेलते. हौस म्हनून न्हाई. पोरीचं शिकनं ऱ्हातं का जातं, ते ठरायचं व्हतं.

पोरगी म्हंजी माझी नात, माझ्या लेकाची थोरली. बीडला खोली करून दोन मैतरनींसंगं ऱ्हाती आन सरकारी नोकरीच्या परीक्षेचा क्लास करती. आठवडाभर भिंतीकडं तोंड करून घोकायचं आन रविवारी दुपारून सुट्टी. ह्या सुट्टीतच सगळं बिघडलं. एका रविवारी ती चारपाच पोरापोरींसंगं हिकडं माजलगावला धरनावर आली, घराला न कळवता. तिथं मक्याची कनसं खात, हात वर करून नाचल्याचा तिनं हिडिओ केला आन मोबाईलवर टाकला. माझ्या नंदंच्या लेकाला तो लगीच दिसला. त्याला कामं कमी. तो आमच्या किरान्याच्या दुकानात येऊन माझ्या लेकाला दाखवून गेला, वर म्हनला, "मामेभाऊ हाईस म्हनून सांगतो, बाकीचे पाठीमागं बोलतेत." लेकानं दुकान अर्ध्यातून बंद केलं. घरात येऊन म्हनला, "सोमवारी जातो आन सामान घिऊन येतो. बास झालं शिक्षन. एखादं बरं स्थळ बघू." सून पदर तोंडाला लावून बसली. मला असलं आवडत न्हाई. रडून कुनाचं सामान थांबलंय का? मी म्हनलं, "सोमवारच्या आधी रविवार येतो. मी जाऊन बघून येते, मंग काय करायचं ते कर." तो म्हनला, "तू काय बघनार आई?" म्हनलं, "दोन डोळे हायत. मोतीबिंदू काढलाय."

यष्टीत बसले आन तू आठवलीस. खरं म्हंजी तू न्हाई, तुझं पोतं आठवलं. आपल्या गावाला म्हादेवाच्या जत्रंत तंबूतला शिनेमा यायचा. खाली बसायला घरून पोतं न्यायचं. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा, म्होरल्या अंगाला गडीमानसं आन मागल्या अंगाला बाया. बायांनी गड्यात बसायचं न्हाई, म्हनून आपल्या वाट्याला पडद्याची पाठ. मागून बी चित्र दिसायचं, पन समदं उलटं. हिरो डाव्या हातानं जेवायचा. बायांचा पदर उजव्या खांद्यावर. आपल्या शेजारची काकू तर छातीठोक सांगायची, "शिनेमातली मानसं डावखुरीच असत्यात, म्हनून तर त्यांच्या संसाराचं असं व्हतं." समद्या बाया माना हालवायच्या. मी बी हालवायची. ल्हानपनापासून तेच बघत आलतो, कोन कावून इचारील?

त्या साली मी सातवी होऊन घरी बसले व्हते आन मला बघायला पाव्हने येनार व्हते. जत्रंत देवाचा शिनेमा आलता. भक्त पिंडीवर बेल वाहतो, आन वाहतो डाव्या हातानं. तू गालावर चापट्या मारून घेतल्यास. "अगं माय, देवाला डावा हात," म्हनलीस. काकू म्हनली, "कलियुग." मी सुरुवातीपासून नावं वाचायला बघत व्हते, आन अक्षरं समदी पाठमोरी. लागतच न्हवती. तवा माझ्या डोक्यात पैल्यांदा उजेड पडला. मी तुझ्या कानात म्हनलं, "माय, त्यांचं उलटं न्हाई. आपुन उलट्या अंगाला बसलोय." तू तशीच शेंगा सोलत ऱ्हायलीस. पन घरी जाताना वाटंत थांबून इचारलंस, "म्हंजी म्होरून बघितलं तर त्यो उजव्याच हातानं वाहतो?" म्हनलं, "व्हय." "आन अक्षरं बी सरळ?" "व्हय." बास. येवढंच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागनीला तू पोतं उचललंस, माझा हात धरलास आन तंबूत शिरल्यावर मागं न जाता सरळ म्होरं गेलीस. मी म्हनते, "माय, हिकडं न्हाई," आन तू मला वढत नेतीस. गडी बघाया लागलेत. एक फेटेवाला म्हनतो, "बाई, बायांचं मागं हाय." तू म्हनतीस, "मालूम हाय. कालच तिथून आले." आन पोतं आथरून बसतीस. माझं तोंड भट्टीवानी तापलेलं. मंग दिवा गेला, पडद्यावर नावं आली, आन सरळ आली माय, साळंतल्या फळ्यावानी सरळ. तू कोपरानं ढोसलंस. "वाच." म्हनलं, "मोठ्यानं?" "मंग काय मनात? मला काय कळंल?" मी वाचाया लागले. कोन गानार, कोन नाचनार, कपडे कुनी शिवले. आजूबाजूचे गडी खुसफुसत व्हते, ते हळूहळू गप झाले. मी थांबले तर पाठीमागून कोनीतरी म्हनलं, "वाच की बाई, आमाला बी कळू दी." तोच फेटेवाला व्हता. तवा मला कळलं, म्होरं बसलेल्यातल्या लई जनांला बी ती अक्षरं कधीच लागली न्हवती.

जे व्हायचं ते झालं. बघायला येनार व्हते ते पाव्हने त्याच जत्रंत व्हते. त्यांनी निरोप धाडला, गड्यात बसनारी पोरगी आमाला नको. तुझे थोरले दीर, आबा, वसरीवर येऊन बसले, बापाला म्हनले, "बाईला आवर घाल." बापानं तुला इचारलं, "काय म्हनून नेलं तिला तिथं?" तू भाकरी थापत व्हतीस. हात थांबला न्हाई. म्हनलीस, "मी व्हते संगं. मी बसवली." आबा म्हनले, "पन कावून?" तवा तू परातीवरून मान वर केलीस आन म्हनलीस, "साळंत काय पाठमोरी अक्षरं वाचायला घातली व्हती का?" आबा उठून गेले. बाप कितीक दिवस तुझ्याशी अर्धं बोलायचा. तू त्याला पुरी भाकरी वाढायचीस. माझं ते स्थळ गेलं, म्होरं माजलगावचं आलं, दुकान मिळालं, नवरा शांत मिळाला. तू एकदा बी म्हनली न्हाईस की बघ, कसं बरं झालं. तुला असलं बोलून दाखवायचं आवडायचं न्हाई. तेवढं मी तुझ्यावर गेले.

तर बीडचं सांगत व्हते. स्टँडवर पोरगी न्यायला आली, संगं तिच्या दोन मैतरनी आन एक ताडमाड उच्चा पोरगा, क्लासमधलाच, तिकडं आष्टीकडचा. हिडिओत तिच्या शेजारी नाचनारा त्योच. मी त्याला खालून वर बघितलं. त्यो पाया पडला आन माझी पिशवी घेतली. पोरगी बारीक आवाजात म्हनली, "आज्जी, तू तपासायला आली ना?" म्हनलं, "व्हय." "मंग आज आमी कुठंच जात न्हाई. खोलीवर अभ्यास करतो." म्हनलं, "ते बघायला मी यष्टीत हाडं मोडून घेतली का? दर रविवारी काय करता ते करा." ती पोरं एकमेकांकडं बघाया लागली. मंग त्यो उच्चा म्हनला, "आज्जी, दर रविवारी आमी खरं म्हंजी काईच करत न्हाई." नातीनं त्याला म्हनलं, "गप बे." पोरी बी आता बे म्हनत्यात माय. तू असतीस तर उलतनं फेकून मारलं असतंस, आन मंग हसली असतीस.

आन खरंच काईच करत न्हाईत ती. आधी भेळ खाल्ली. खायच्या आधी फोटो काढला, तवर ती मऊ पडली. मी म्हनलं, "फोटो खायचाय का भेळ?" मंग एका बागंत बसले आन क्लासच्या सरची नक्कल केली. उच्चानं चष्मा नाकावर उतरवून असं काय तोंड केलं की त्या सरला न बघता बी मला वळख पटली. एक मैतरीन गवतावर आडवी पडून झोपली, तिला कुनी उठवलं न्हाई. माझ्या नातीचं हसू मी बघत व्हते. घरी येती तवा ती तोंड मिटून हसती, परीक्षेचा निकाल लागल्यावर हसायचं असं ठरवल्यावानी. हितं दाढा दिसूस्तर हसत व्हती. मधीच माझ्याजवळ सरकली आन म्हनली, "पप्पांनी सामान न्यायचं ठरवलंय ना? आईनं फोनवर सांगितलं." म्हनलं, "ठरवलंय." "आन तू काय सांगनार?" म्हनलं, "अजून शिनेमा बघितला न्हाई."

शिनेमाच्या दारात मुकादमावानी एक गडी पिशव्या तपासत व्हता. माझ्या पिशवीत भाजलेल्या शेंगा. म्हनला, बाहेरचं चालत न्हाई. म्हनलं, "बाहेरचं न्हाई बाबा, घरचं हाय." त्याला पटंना. मंग मी बाजूला गेले, शेंगा वटीत घेतल्या, वरून पदर खवला आन रिकामी पिशवी दाखवून आत गेले. पोरं हसून बेजार. आत खुर्च्या गादीच्या, गारठा पौष महिन्यावानी. मला मधी बसवलं, एका अंगाला नात आन दुसऱ्या अंगाला त्यो उच्चा. शिनेमा मराठी व्हता, बरा व्हता, लई लांबवला. समदे उजव्या हातानं जेवत व्हते. एका जागी बाप लेकीला यष्टीत बसवून देतो आन तिथं त्या उच्चाच्या डोळ्याला पानी आलं. शर्टाच्या बाहीनं पुसलं, कुनी बघितलं न्हाई असं त्याला वाटलं. मी त्याच्या हातावर शेंगा ठिवल्या. त्याचे मायबाप ऊस तोडायला गेलते, हे मला मागून कळलं.

आताच्या शिनेमात नावं शेवटाला येत्यात. दिवे लागले, लोकं उठली, पोरं बी उठली. मी म्हनलं, "बसा. नावं आलीत." नात म्हनली, "आज्जी, नावं कोन वाचतं?" म्हनलं, "मी." तशी ती बसली, मंग बाकीचे बी बसले. झाडूवाली दारात येऊन उभी ऱ्हायली. नावं खालून वर जात ऱ्हायली आन मी शेवटचं नाव जाईस्तर बसून व्हते.

सोमवारी सकाळी दुकानात गेले तर नंदंचा लेक आधीच पोत्यावर बसून चहा पित व्हता. लेकानं इचारलं, "काय बघितलंस?" म्हनलं, "शिनेमा." "त्यो पोरगा व्हता?" "व्हता. माझ्या शेजारी बसला व्हता. शेंगा खाल्ल्या त्यानं." नंदंचा लेक म्हनला, "मामी, लोकं काय म्हनत्याल?" मी म्हनलं, "तुला म्हनायचंय ते तू म्हनलास. लोकांचं लोकं बघतील. चहा निवला तुझा." लेक मातर हसला न्हाई. त्याच्या डोळ्यात झोप न्हवती. वाईट मानूस न्हाई माय त्यो, भ्यालेला हाय. हळूच म्हनला, "आई, ह्या रविवारी तू व्हतीस. मागच्या रविवारी कोन व्हतं तिच्याजवळ? म्होरच्या रविवारी कोन ऱ्हाईल?"

माझ्या तोंडात तुझंच वाक्य तयार व्हतं, मी व्हते संगं, मी बसवली. यष्टीत येताना घोकलं व्हतं. पन ह्या सवालाला ते पुरंना. म्हनलं, "बाकीच्या रविवारी ती सोता व्हती की तिच्याजवळ. तेवढी बास हाय."  एक गिऱ्हाईक आलं, लेकानं त्याला साखर बांधून दिली. नंदंचा लेक कप ठिवून निघून गेला. दुपारी जेवताना लेक सुनेला म्हनला, "बीडच्या यष्टीनं डबा धाडायचा असंल तर शेंगाची चटनी जास्ती भर. तिथं खानारी चार हायत म्हनं." सामानाचं नाव त्यानं काढलं न्हाई. सून ह्या बारीला बी रडली, पन ते मी चालवून घेतलं.

दूध उतू गेलं बघ. जाऊ दी, पुसून घेते. हा कागद कुठं धाडायचा, तुझा पत्ता कुनाला मालूम हाय. फळीवर डब्याखाली आथरीन.

एक ऱ्हायलंच. शिनेमा मराठी, बोलनं मराठी, पन नावं समदी इंग्रजीत व्हती. मला एक अक्षर लागलं न्हाई. बाहेर आल्यावर पोरीनं इचारलं, "वाचली का समदी?" मी म्हनलं, "वाचली."