दोन हात खोल

कार निकोबार, मार्च १९९४

ती. आक्कास, रंभाजीचा जयभीम.

माझी तब्येत उत्तम आहे. नेवाशाला पाणी टिकलंय का? तुझ्या प्रज्ञाची परीक्षा झाली?

हे बेट सपाट, पोवळ्याच्या दगडाचं. गोड पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं, हे मला आता उमगलं. वस्तीची विहीर आटली नि ती खोल करायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा शेजारची मेरीआजी म्हणाली, "खाली जाऊ नको, समुद्र वर येईल." मी म्हणालो, "मी पुस्तकं वाचलीत. आमच्याकडं खोल गेल्यावरच पाणी लागतं." दोन हात खणलं नि विहीर खारी झाली.

बाया आता लांबून पाणी आणतात. मेरीआजी रोज पहाटे पोकळ नारळात पाणी भरून माझ्या दाराशी ठेवते. ती गेल्यावरच मी दार उघडतो.

बाबांना इथलं पाणी गोड आहे, एवढंच सांग.

तुझा धाकटा,
रंभाजी